डोंगल

ग्रामपंचायतीच्या टेबलाला दोन खण.
वरच्यात घरकराच्या पावत्या, वाळलेला शाईचा पॅड.
खालच्यात, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत,
तीन डोंगल.
बोटाच्या पेराएवढे. एकातही जीव नाही.

पहिला विश्वनाथ ढोकांचा.
अडीच वर्षं चालला. मग नवातले सात सदस्य
एका रात्री टेम्पोत बसून पचमढीला थंड हवा खायला गेले
आणि परतले ते थेट तहसीलदारापुढे, हात वर करून.
दुसरा रेवाराम भुत्यांचा.
सही नोंदवायला चार महिने गेले.
नोंदली त्याच आठवड्यात
त्यांच्या गोठ्याची एक भिंत सरकारी जागेत निघाली.
तिसरा सोनटक्के साहेबांचा, प्रशासक.
अकरा गावं, एक मोटरसायकल.
आमच्या वाट्याला मंगळवार.
मंगळवारी त्यांची मीटिंग असते.

आधी चेकबुक होतं.
सही मारायची, शिक्का हाणायचा,
पैसा कुठं गेला ते देव जाणे आणि ढोक.
म्हणून वरून सुधारणा आली.
आता पैसा दिसतो. करिश्मा रामटेके
स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवते,
"हे पाय काका, चार लाख बारा हजार."
दिसतात खरे,
हलवायाच्या काचेमागच्या पेढ्यासारखे.
हात लावायला सही पाहिजे,
सहीला सरपंच पाहिजे,
आणि सरपंच टिकवायचं बटण
त्या पोर्टलवर नाही.

मी शिपाई. वॉल्व्हही मीच सोडतो,
पहाटे साडेपाचला, आधी टोली, मग आबादी.
माझे अकरा पगार त्या काचेमागं,
पंपाचं वीजबिलही तिथंच.
तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत होती,
त्यांच्यामधून शिडी घेऊन लाइनमन आला.
"कापून राह्यलो भाऊ, वरून ऑर्डर हाय."
टाकी दोन दिवस पुरली.
तिसऱ्या दिवशी तळ दिसला
आणि कुणाचा तरी हरवलेला चेंडू.

इंदूबाई नैतामनं हंडा ऑफिसच्या दारात आपटला.
ती सदस्य नाही, कधी उभीही राहिली नाही.
"पैसे हायेत ना?"
हटवार ग्रामसेवक म्हणाले, आहेत.
"मंग पानी काहून नाई?"
त्यांनी समजावलं : टोकन, मॅपिंग, मंजुरी, पुन्हा मंजुरी.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
"म्हंजे कुलूप मजबूत केलं तुमी,
अन् किल्लीवाला घडीघडी पळते."

मग शंभरपानी वही आली.
घरामागं चाळीस रुपये. नसतील तर पायलीभर तांदूळ.
ढोकांनी दोनदा दिले, एकदा न मागता.
बिल भरलं. पंप घरघरला.

दर पुनवेला समाजमंदिरात
वही मोठ्यानं वाचतात.
कुणी दिले, कुणाचे राहिले, मोटारीच्या वाइंडिंगला किती.
कार्तिकात वाचलं गेलं :
"शिपाई, दोन दिवस उशिरा पानी सोडलं."
सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.
चौदा वर्षांच्या नोकरीत
कुठल्याच सरकारी कागदानं
मी उशिरा उठल्याची दखल घेतली नव्हती.
कान तापले माझे. चहासुद्धा गोड लागला नाही.

जानेवारीत ऑडिटवाले आले.
बोटाला थुंकी लावत वही चाळली, दोन ग्लास पाणी प्याले.
"हिशोब बरोबर आहे," म्हणाले,
"पण हे कशातच बसत नाही."

काल निवडून आलेल्यांचा डोंगल आला. चौथा.
करिश्मानं खोचला. निळा दिवा लागला.
पडद्यावर एक गोल फिरतो आहे,
प्रक्रिया सुरू आहे, कृपया थांबा.
इंदूबाई खिडकीतून विचारते,
"वही बंद करू का मंग?"

बाहेर चिंचेखाली एक टेम्पो उभा आहे,
इंजिन चालू.
लग्नाचा असेल.
लग्नाची तारीख तर नाही.