घट

दहानंतरच उडायचं, ऊन वर आलं की.
माइते इंजिन तापवते, मी डिटेक्टर थंड करते;
उणे एकशे वीसच्या खाली गेला की तो नीट बघू लागतो.
तिचे बास्क पणजोबा याच टेकड्यांवर मेंढ्या राखायचे.
ती म्हणते, आपलंही तेच, फक्त मेंढ्या दिसत नाहीत.

टाफ्ट, कॅलिफोर्निया. खाली तेलाचे पंप
माना घालतात, काढतात,
तहान भागत नसलेल्या गुरांसारखे.
आम्ही एक पट्टा धरून जातो, वळतो,
शेजारचा पट्टा धरून येतो.
नांगरट म्हणा. ढेकूळ मात्र जागचं हलत नाही.

एकेका ठिपक्यात चारशेवर रंग,
बहुतेक डोळ्याच्या ओळखीचे नाहीत.
डांबर कळतं, जिप्सम, वाळलेलं गवत, गंजका पत्रा.
पोहण्याच्या तलावावरचं प्लास्टिक फार फसवतं.
पहिल्या वर्षी मी त्यालाच गळती म्हणून कळवलं,
एका डेंटिस्टच्या घरी अग्निशमन दल जाऊन आलं.

वायू काहीच दाखवत नाही.
तो खातो.
उन्हातला आपल्या वाट्याचा उजेड उचलतो,
उरलेला वर येऊ देतो.
दोन हजार तीनशे नॅनोमीटरपाशी खड्डा पडला
की समजायचं, मिथेन.

कोल्हापूरला गुजरीत काका काळ्या दगडावर सोनं घासायचे,
रेघेकडे बघायचे, बोलायचे नाहीत.
आटवायला दिलेलं आणि हाती आलेलं,
त्यातला फरक वहीत एका शब्दात मांडायचे: घट.
अकरा हजार फुटांवरून मी तीच वही लिहिते.

मंगळवारी शेपूट निघालं ते तेलपट्ट्यातून नाही,
गावातून. शेवटच्या गल्लीत, एका घरामागून,
वाऱ्याच्या अंगाने लांबलेलं.
तीनदा उडालो.
तिन्ही वेळा तिथेच.

गुरुवारी दार वाजवलं, हातात छापील नकाशा.
ऑर्व्हिल स्टिगल, वय शहाऐंशी, एका पायात सपाता, एकात मोजा.
त्यानं नकाशा उलटा धरला, मग सुलटा.
"वास तर येत नाही."
म्हटलं, याला वास नसतो. शेगडीच्या गॅसला येतो तो मुद्दाम घातलेला.
"मग तुला कळलं कसं?"
उन्हात थोडं कमी भरलं, म्हटलं.

हसेल असं वाटलं होतं. तो मागच्या दारी घेऊन गेला.
एक वाटोळा उघडा तुकडा, परातीएवढा.
चार वेळा हिरवळ पेरली, धरली नाही.
कुत्रा इथं बसायचा नाही. त्याच्या आधीचाही नाही.
अठ्ठावन्न साली बापानं ट्रकभर माती ओतून जागा सपाट केली,
खाली काय पुरलंय ते कुणी विचारलं नाही.
"नोरीनला वाटायचं, तिच्याच हातात खोट आहे."

मी मीटर जमिनीशी नेला. तो किंचाळायला लागला.
बंद केला.

"वरून आणखी काय दिसतं?"
छप्पर नवं आहे. लिंबाला पाणी कमी पडतंय.
"पाण्याचं ती बघायची."

विहीर बुजवणारे सोमवारी येतील, मी सांगितलं,
तोवर इथं सिगारेट नको, खिडक्या उघड्या ठेवा.
तो ऐकत होता की नाही, कोण जाणे.
त्या तुकड्याच्या कडेला लोखंडी खुर्ची होती, तिची.
त्यानं ती उचलली, चार पावलं लांब ठेवली,
जरा वेळ बघत राहिला,
आणि आणून पुन्हा होती तिथंच ठेवली.