निव्वळ वजन

दिवसभर मी वजनं लिहिते.
मानवतच्या एका जिनिंगमध्ये, काट्याच्या केबिनीत.
भरलेला ट्रॅक्टर येतो: एक्कावन्न क्विंटल.
सरकीचा वास, तंबाखू, हॉर्न, घाई.
रिकामा होऊन परत येतो: एकोणतीस.
वजाबाकी मशीन करतं,
मी फक्त पावती फाडते.

रविवारी सकाळच्या गाडीनं परभणी.
तिथं काटा मुनव्वरभाईंचा
आणि गिऱ्हाईक मी.
"बाई, पुस्तकं वीस रुपये किलो.
पुठ्ठे काढून देऊ का? उगंच वजन व्हायलंय."
नको म्हणते. पुठ्ठे असू द्या.
बारदानाचं वजन कोण कापतं आणि कुणाच्या पदरातून,
ते मला नका सांगू.

असंच मिळालं मधमाश्यांवरचं एक, चित्रांचं,
पान एक्केचाळीसवर मधाचाच असावा असा डाग.
असाच एका कादंबरीचा दुसरा भाग.
पहिला कुठंच सापडत नाही,
मग तो मीच रचलाय मनात, भाकरी थापता थापता.
दुसऱ्यात ज्या बाईचं वर्षश्राद्ध आहे
ती माझ्या पहिल्यात मरतच नाही.

आणि एक होतं, आत निळ्या शाईनं:
चि. सौ. कां. प्रमिला हिस, विवाहाप्रीत्यर्थ,
समस्त बोरीकर मंडळी, १९७८.
पानं एकमेकांना जोडलेलीच, छापखान्यातून आली तशी.
मी दाराशी बसून विळीनं एकेक सोडवली.
प्रमिलाबाई,
तुमचा आहेर उघडला हो कुणीतरी.
बरं आहे पुस्तक. मधे जरा लांबलंय.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय,
प्रेशर आहे, स्वतःकडं बघा जरा.
चालता का? मी म्हटलं, चालते.
स्टेशनापासून मुनव्वरभाईंच्या दुकानापर्यंत,
येताना दोन पिशव्या घेऊन.
भावजय म्हणते, आख्खा पैसा कागदात घालायलीस,
पाटल्या झाल्या असत्या.
हिशेब केला मी, तो तर हातचाच.
सात वर्षांची सगळी पुस्तकं मिळून
एक मुरणीसुद्धा होत नाही.

संध्याकाळी बादलीत कोमट पाणी, मूठभर मीठ.
पाय त्यात. केस सोडलेले.
केसांत अडकलेलं कापसाचं तूस काढते,
तेच खुणेला घालते पानात.
माझ्या घरातलं कुठलंही पुस्तक उघडा,
कुठं थांबले होते ते पांढरं दिसेल.
लाइट जाते तेव्हा मिटत नाही मी पुस्तक,
ओळीवर बोट ठेवून बसून राहते अंधारात,
जसं कुणी म्हणालंय, आलेच हं,
आणि आत गेलंय.

वाचून झालेली भिंतीकडं, कडुनिंबाचा पाला घालून.
न वाचलेली उशाशी. तीच जास्त.
कधी वाचशील एवढी, विचारतात.
आमच्याकडं नळ नऊ दिवसांनी येतो.
भरल्या रांजणाला कुणी विचारतं का,
कधी पिशील एवढं?
तो भरलेला असला की झोप लागते, बस.

एकदा सुट्टीनंतर, यार्डात कुणी नसताना,
मी काट्यावर जाऊन उभी राहिले.
केबिनीच्या काचेतून लाल आकडा: साठ.
मधमाश्या हातात घेऊन: साठ.
परत ठेवून: साठच.
दहा किलोच्या खालचं काही
त्याला कळतच नाही. साठ टनी बिचारा.
हसू आलं मला, एकटीलाच, एवढ्या मोठ्या लोखंडावर.

आज दुपारी राणीमाशीचं प्रकरण लागलंय.
कोषाचं झाकण आतून कुरतडतेय ती,
बाहेर कामकरी माश्या गोळा झाल्यात,
आणि हॉर्न.
पाथरीकडची गाडी, ताडपत्री सुटलेली,
ड्रायव्हर हातानं खूण करतोय.
तूस सापडेना पटकन,
पावतीचाच एक कपटा पानात घातला
आणि खिडकी सरकवली.