कडी

इर्मेली सॉनात आहे. एकटी.
मी बाहेर पायरीवर, हातात तिचे लोकरी मोजे.
एकोणीस वर्षं हे दार आतून कुणी लावलं नाही.
कडी तर बाबांनी केव्हाच उपटून काढली,
तिची चार भोकं अजून लाकडात आहेत.

आता तिच्या हासळीच्या हाडाखाली
काडेपेटीएवढी डबी, ताम्पेरेत बसवलेली.
तिथून कानामागून दोन तारा वर जातात,
मेंदूच्या पार आत,
जिथे सहा तऱ्हांच्या गोळ्यांचं काही चाललं नाही.
एक मिनिट चालू, पाच मिनिटं बंद.
राखणदारालाही सुट्टी लागतेच की,
डॉक्टर सारकोला म्हणाल्या होत्या.

बरी झाली म्हणू नका.
वहीत महिन्याला चौदा फुल्या असत, आता चार.
गेल्या मंगळवारीच पडली, लाकडांच्या ढिगापाशी,
दात ओठात.

तरी आज म्हणाली, हाका मारू नकोस.
नाही मारत.
तळ्यावर कुठेतरी बर्फ तडकतो,
मी अर्धी उठते,
आत तापल्या दगडांवर पाणी चरचरतं
म्हणजे तिनेच ओतलं असणार.
बसते.
एक मिनिट. मग पाच.
मोजे मुठीत चुरगळून गेलेत.