कोकिळा, अठरा पॉइंट

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, टायरवाल्याच्या माडीवर
माझं दुकान: झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, बायोडाटा.
पाटीवर 'बायोडाटा' रंगवल्यापासून
निम्मे लग्नाचे येतात, निम्मे नोकरीचे,
आणि दोघांनाही वर गणपती लागतो.

मे महिना. कूलर घरघरत होता.
ती जेवणाच्या सुट्टीत आली,
भुवयांवर तुरीची पिवळी पूड घेऊन.
नाव: कोकिळा सुपडू बाविस्कर.
वय एकेचाळीस. शिक्षण दहावी, गणित सोडून.
अनुभव: डाळ मिल, एकोणीस वर्षं.
काम काय करता?
म्हणाली, काम.

गणपती मात्र तिनेच आधी नाकारला.
"त्याला कशाला अर्जाला जुंपता?"

मी फाँट दाखवायला घेतले.
हा वळणावळणाचा, याच्यात पत्रिका छापतात.
हा जाडजूड, निवडणुकीला उभं राहणाऱ्यांचा.
हा मंगल. तहसीलमधून येतं ते याच्यातच येतं,
नाव मंगल असलं तरी.
एका जुन्या फाँटात एकदा एका पोराचा अर्ज
पुण्याला मेल केला होता.
तिकडे उघडला तर त्याच्या आडनावाचे
दोन कंस, एक टक्का आणि उद्गारचिन्ह झालेले.
तो अजून रामराम करतो मला,
पण थांबत नाही.

यादी खाली सरकत असताना
तिचं बोट स्क्रीनला टेकलं.
के, ओ, के... ओठ हलले, मग थबकले.
"हाई मन्हं नाव आठे कोनी टाकं?"

मला काय माहीत.
बारा वर्षं ही यादी मी वरखाली करतोय,
या फाँटापाशी कधी थांबलो नव्हतो.
किरकोळ अंगाचा आहे;
चौदाला टाकला तर दहाचा वाटतो,
गिऱ्हाईक म्हणतं, शाई वाचवली का?

"याच्यातच कर," ती म्हणाली.

मग कागद.
सत्तरचा पंख्याखाली उडतो.
शंभरचा बाँड, उजेडात धरला की आत पाणचिन्ह दिसतं,
मोठे साहेब धरून बघतात, असं मी सांगतो.
बघताना कोणी पाहिलंय?
मधला पंच्याऐंशीचा.
तिने एकही उजेडात धरला नाही.
अंगठा आणि बोटाच्या मध्ये कोपरा घेतला,
डोळे भलतीकडेच.
"हाऊ बरा. पन वला शे."

कालच फोडलाय रिम, मी म्हणालो.

"वला शे, भाऊ."

मी मुद्दाम ट्रेमध्ये घातला.
प्रिंटरने अर्धा गिळला आणि दात आवळले.
रिम रात्रभर कूलरच्या तोंडाशी होता,
आणि तो तिथे ठेवणारा मीच.

तिने अडकलेला कागद न फाडता ओढून काढला,
पाचपाच पानं सुटी करून कठड्यावर उन्हात मांडली,
वर माझे स्टेपलर, पंच, चहाचा ग्लास.
"दहा मिनिटं. डाळीला दोन दिवस लागतात."

त्या दहा मिनिटांत मी पुन्हा विचारलं.
पोतं आलं की मूठ घालते, सांगते.
मग मशीनवाला मोजतो.
आणि?
आणि तेच सांगतो.
त्याला पगार किती?
ती पानं उलटी करायला गेली.

खालच्या रकान्यात मी टाइप केलं:
विशेष कौशल्य – धान्यातील ओलावा हाताने ओळखणे.
तिने वाकून वाचलं, दोनदा.
"हाई कोन वाची?"
कोणीतरी वाचेल.
"मग बारीक कर."
मी अठरा केलं.
कोकिळात अठराही फार आवाज करत नाही,
तिला चाललं.

एक प्रत पंच्याऐंशीवर, दोन झेरॉक्स सत्तरवर.
चाळीस झाले, मी म्हणालो.
तिने पस्तीस मोजून ठेवले.
"पाच वाळवणीचे," म्हणाली,
आणि जिना उतरून गेली,
सुट्टी संपायला आली होती.

मी उरलेला रिम उचलून
कठड्यावर नेला.