उचल

रबाळ्याच्या एमआयडीसीत
जिथे आधी थर्माकोलच्या पेट्या बनायच्या
त्या शेडमध्ये आमची रिंग.
भिंतींच्या फटींतून अजून पांढरे दाणे निघतात,
घामाला चिकटतात.

सुलक्षणा रांजणे, पंच्याऐंशी किलो.
पोस्टरवर : रणगाडा.
मी एकोणपन्नास. पोस्टरवर ठिणगी,
एरवी सानपाड्यात दातांच्या दवाखान्यात
पेशंटची नावं पुकारते.

तिचा हुकमी डाव पॉवरबॉम्ब.
माझी मान तिच्या मांड्यांत, तिचे हात माझ्या कमरेला,
आणि एकदम छताचे पत्रे जवळ येतात.
बघणाऱ्याला वाटतं, उचललं.
खरं तर मी उडी मारते.
तिने पोटाला दोनदा चिमटलं, की उडी.
अर्धं वजन माझं मीच वर नेते,
उरलेलं तिच्या हवाली.
हे बाहेर कुणाला सांगायचं नसतं.

तिला उचलायला शिकवलं वडिलांनी,
कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी :
कंबर नाही, गुडघे वाकव.
ओझं अंगाशी धर,
लांब धरलेलं ओझं दुप्पट होतं.
पहिल्या दिवशी तिने मला इतकं अंगाशी धरलं
की मी लाजले.

दिघ्याच्या मैदानात ते पहिल्यांदा आले.
पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेला,
टोपी गुडघ्यावर.
तिला सर्दी-ताप, मला उसण,
पण दोघींनी प्रमोटरकडून उचल घेतलेली.
पब्लिक ओरडत होतं, आपट, आपट.

दोन चिमटे. उडी.
आणि वर, हॅलोजनच्या उजेडात,
घामाने तिचा हात सटकला.
मी डोक्याकडून निघाले.
तिने काय केलं ते मला दिसलं नाही,
फक्त फळीवर हाड आपटल्याचा आवाज आला,
तो माझा नव्हता.
गुडघा आधी टेकवून
तिने माझी मान दंडावर झेललेली.

एक, दोन, तीन.
रणगाडा जिंकली.
मागून कुणीतरी म्हणालं, छ्या, जोरच नाही.

पडद्यामागे वडील तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
आम्ही गोणी टाकतो.
खांदा रिकामा झाला की आपलं काम संपलं.
तू ठेवत होतीस.
पुढे काही बोलले नाहीत, बर्फ आणायला गेले
आणि बर्फाऐवजी तीन थंड लिंबू सोडे घेऊन आले.

कोपरखैरण्याला तिचं घर तिसऱ्या मजल्यावर,
बिल्डिंगला लिफ्ट नाही.
रात्रीचा एक. वडील पुढे, मोबाईलची बॅटरी धरून.
तिचा हात माझ्या खांद्यावर,
पंच्याऐंशी किलो, अंगाशी.
पहिल्या पायरीशी मी तिच्या कमरेला
दोनदा चिमटलं.

ती इतकी हसली की खालचं कुत्रं भुंकायला लागलं.
मग एका पायावर
तिने उडी मारली.