समासातली पेन्सिल

मी भाषणं टिपून घेणारा.
मसेरूच्या सभागृहात, अध्यक्षांच्या पायांपाशी
खालच्या टेबलाला सव्वीस वर्षं बसलो.
या नोकरीत कान शाबूत लागतात
आणि मत नसावं लागतं.
कंसांत तेवढी थोडी मुभा:
(हशा). (व्यत्यय). (सदस्य खाली बसतात).

मापोलोको न्त्साने पहिल्यांदा उभ्या राहिल्या
तेव्हा फेब्रुवारी, अंदाजपत्रकाचा दुसरा दिवस,
मागच्या बाकांवर जेवणानंतरची पेंग.
खांद्यावरची घोंगडी सारखी करून, तिची पिन चाचपून
त्यांनी विचारलं,
"अर्थमंत्री आत्ता राष्ट्रहित म्हणाले.
ते कोणत्या पानावर आहे?"
मंत्र्यांनी पुस्तक चाळलं.
खरंच चाळलं.
(हशा).

मग त्या पाण्याबद्दल बोलल्या.
आम्हा डोंगरवाल्यांकडे विकायला आहे काय?
उंची, आणि उंचीवरून उतरणारं पाणी.
ते अडवायचं, डोंगराच्या पोटातून बोगद्याने
जोहान्सबर्गला धाडायचं.
तिथे ते कुणाच्या हिरवळीवर,
इथे ते पान एकेचाळीस, जमेच्या बाजूला.
"आणि हा-मोखालोची बाई
धरणाच्या काठावर राहते, पाणी डोळ्यांनी पिते,
डोक्यावरून आणते ते दीड तासावरच्या झऱ्याचं.
ती कोणत्या पानावर?"
हे टंकताना माझ्याकडून एक अक्षर गळलं.
नंतर भरलं.

दरवर्षी त्यांची कपात सूचना असे:
मंत्र्यांच्या गाड्यांच्या खर्चातून एक लोटी कमी करा.
एकच लोटी.
दरवर्षी नामंजूर.
सुरुवातीला लोटीत भाजलेलं कणीस यायचं,
पुढे त्याचा धूरही येईना,
सूचना तीच, आवाज तोच.

सगळंच काही ग्रेट नव्हतं.
एकदा मोहेअरच्या निर्यातीवर पाऊण तास बोलल्या
आणि आकडे निघाले मागच्या वर्षीचे.
मंत्र्यांनी ते सांगितलं तेव्हा
चष्मा पुसत बसल्या बराच वेळ.
त्यासाठी कंस नाही आमच्याकडे.

चौदाव्या वर्षी सरकार पडलं.
रात्रभर मोटारी फिरल्या, सकाळी बाकं बदलली.
न्त्साने बाई उजवीकडे आल्या, उपमंत्री म्हणून,
आणि नव्या बोगद्याच्या करारावर बोलायला
त्यांनाच उभं केलं.
पिन चाचपली.
"अध्यक्ष महोदय, हा करार राष्ट्रहिताचा आहे."

माझी बोटं थांबली.
दोन्हीकडून आरोळी उठली, पुला! पुला!
म्हणजे पाऊस. आमच्याकडे टाळ्यांच्या जागी पाऊस मागतात.
त्यातला अर्धा पाऊस कौतुकाचा होता,
अर्ध्यात गारा होत्या.
मी दोन्ही एकाच कंसात घातले.

करारात हा-मोखालोसाठी नऊ नळ होते.
परिशिष्ट तीन, ओळ बारा.
चौदा वर्षांचे नऊ नळ.
स्वस्त गेलं की महाग,
ते सांगणं माझ्या कामात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी भाषणाचं मुद्रित त्यांच्याकडे गेलं, रिवाजाप्रमाणे.
सदस्य त्यात काटछाट करतात,
रागाच्या भरात गेलेली शिवी, अडखळलेलं वाक्य,
जे बोललोच नाही असं आता वाटतं ते.
बाईंनी एक शब्द खोडला नाही.
फक्त पहिल्याच ओळीशी, डावीकडे, समासात,
पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:
"कोणत्या पानावर?"

नियम असा की समासातलं छापायचं नसतं.
खोडरबर हातात घेतलं.
चहा आला. चहा प्यायलो.
शेवटी छपाईला स्वच्छ प्रत दिली
आणि ही माझ्या खणात सरकवली.
निवृत्तीच्या दिवशी त्यांनी किल्ल्या मोजून घेतल्या,
पंखा मोजला, खुर्ची मोजली.
कागद कुणी मोजत नाही.

नऊपैकी सहा नळ चालतात म्हणे.
मोखोतलोंगची बस आठवड्यातून दोनदा सुटते,
गुडघ्यांचं निमित्त करून
मी अजून गेलेलो नाही.