तपासणी

ओझुर्गेतीपासून वर, चहाच्या सोडून दिलेल्या मळ्यांमधून
गाडी पहिल्या गिअरवर कण्हत गेली.
मांडीवर फाइल, क्रमांक तीनशे बारा:
नाझिब्रोला, वय एकसष्ट.
आडनाव रकान्यात मावलं नव्हतं,
शेवटची दोन अक्षरं समासात जाऊन बसलेली.

व्यवसाय: फळे वाळवणे.
मंजूर रक्कम: चौदा हजार लारी.
स्वहिस्सा वीस टक्के, तो कशातून उभारणार?
तिथं एकच शब्द: गाय.
छाननीच्या बैठकीत कुणीतरी हसलं होतं.
मीच असेन.

किती जणांना रोजगार मिळेल?
दीड, असं तिनं लिहिलं होतं.
सून अर्धा दिवस शाळेत शिकवते, म्हणून.
आमचा संगणक अपूर्णांक घेत नाही,
आम्हीच तिचे दोन केले
आणि वार्षिक अहवालात ते दोन छापून आले.

आता तिला दुसरा टप्पा हवाय. विस्तार.
म्हणून मी आलोय, पहिल्या टप्प्याचा
पैसा न् पैसा जागेवर आहे का बघायला.

फाटकाशी ती, पायात नवऱ्याचे रबरी बूट.
"आधी खा," म्हणाली.
लाभार्थ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा नियम.
अक्रोड नियमात येत नाही, असं मी ठरवलं.

यंत्र गोठ्यात होतं. गाईच्या जागी.
तिच्याच उंचीचं, पोलादी,
दारावर आमचं गोल चिन्ह, एका कोपऱ्यातून सुटलेलं.
दावणीचा खुंटा अजून तसाच,
त्यावर विजेची वायर गुंडाळलेली.
मार्च महिना. पर्सिमॉनचा हंगाम केव्हाच संपलेला.
तरी आत दिवा, आत धग.
मी दार उघडलं.

ताटल्यांवर अंडी.
ओळीने, पेन्सिलीने खुणा केलेली,
एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला शून्य.
काटा साडेसदतीसवर, खाली वाटीत पाणी.

"दिवसातून तीनदा फिरवते," ती म्हणाली,
चोरी पकडली गेल्यासारखं नाही,
घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं.
शरदात कोल्ह्यांनी वाडीतल्या कोंबड्या संपवल्या.
मग शाळेची वही पुढे केली:
मालखाझ, नऊ. एतेरी, चौदा.
शाळा, सहा, मास्तरांनी पाठवलेली.
दहा पिल्लांमागे दोन तिची.
"वाळवण्याचा पैसा मी चुकता दाखवते,
हा पैसाच नाही, तर दाखवू कुठे?"

प्रश्न सातवा:
यंत्र मंजूर कारणासाठीच वापरात आहे काय?
होय. नाही.
दोन चौकोन, आणि मधे काहीच नाही.

मी तिला समजावू लागलो,
की पैसा सरकारचा, म्हणजे तुमचाच, पण म्हणूनच
"श्श," ती म्हणाली.
मला. शासनाच्या प्रतिनिधीला.

तिसऱ्या ताटलीत एक कवच तडकलं होतं.
मोहरीएवढं भोक, आतून टोच, मग थांबणं,
मग बराच वेळ काही नाही,
आम्ही दोघं वाकून, तिच्या अंगाला धुराचा वास,
माझ्या चष्म्यावर वाफ.

अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढणं भाग होतं.
काढला. त्यात एक ओलं डोकं आलं.
पुन्हा काढला. पुन्हा आलं.

उतरताना तिसऱ्या वळणावर आठवलं,
सही घ्यायची राहिली.
रिव्हर्सला जागा नाही, पार खालच्या पुलापर्यंत जाऊन
गाडी वळवून पुन्हा वर.
तिनं बुटाला हात पुसून सही केली,
आडनाव पुन्हा समासात गेलं.
तेवढ्यात आणखी दोन फुटली होती,
एक एतेरीचं, एक शाळेचं.

सातवा प्रश्न अजून कोराच आहे.
मुदत शुक्रवारपर्यंत.